करणपरिवर्तन : दख्खनचें कर्जखत व गांवची सहकारी पतपेढी

जुनें दप्तर सोडून पाहणाऱ्या संशोधकाच्या हातीं सनदा, महजर, वतनपत्रें व निवाडे आले म्हणजे त्याचा चेहरा खुलतो. त्याच रुमालाच्या तळाशीं कर्जखतांचा जुडगा निघाला तर तो किरकोळ म्हणून बाजूस पडतो. प्रस्तुत लेखकानेंही पुष्कळ वर्षें असेंच केलें. कर्जखतांत लढाई नसते, कारस्थान नसतें, घराण्याची कुळकथाही नसते. अमक्यानें तमक्याकडून इतके रुपये घेतले, व्याज दरमहा दर शेंकडा इतकें, मुदत अमुक, खालीं 'निशाणी नांगर' आणि दोन साक्षी, एवढाच मजकूर. परंतु असे कागद शेंदोनशें एकत्र लावून वाचले कीं एक गोष्ट डोळ्यांत भरते. एकाच कुळानें एकाच सावकारास लिहून दिलेलीं खतें थोड्या थोड्या वर्षांच्या अंतरानें पुन्हां पुन्हां आढळतात, आणि प्रत्येक नव्या खतांतील मुद्दल ही मागील खताच्या मुद्दल-व्याजाची बेरीज असते. कुळाच्या हातांत नवा पैसा पडलेला नसतो. कागद मात्र नवा झालेला असतो.

ही कृति धर्मशास्त्रास अपरिचित नाहीं. ऋण फेडण्यास असमर्थ झालेल्या ऋणकोनें झालेलें व्याज देऊन लेख नवा करून द्यावा, व व्याजही देववत नसेल तर तें नव्या लेखांत मुद्दलाबरोबर चढवावें, असें मनूनें आठव्या अध्यायांत सांगितलें आहे. लेखास तेथें 'करण' असा शब्द आहे. त्यावरून या कृतीस मीं 'करणपरिवर्तन' म्हटलें आहे. गांवच्या सहकारी संस्थांचा इतिहास सामान्यतः १९०४ च्या कायद्यापासून सांगण्याचा प्रघात आहे. कायदा, परिषदा, संस्थांची संख्या, भांडवल, थकबाकी, या क्रमानें तो सांगितला जातो. माझ्या मतें तो इतिहास मुळांत या कागदाचा आहे. खत कोणीं लिहावें, कोणाच्या पेटींत असावें आणि तें कोणास वाचतां यावें, हा त्यांतील खरा वाद.

स्मृतिकारांना हा वाद दिसला होता. ऋणकोनें जें जें फेडलें तें तें लेखाच्या पाठीवर लिहावें, किंवा धनकोनें स्वहस्ताची पावती द्यावी. ऋण संपूर्ण फिटल्यावर लेख फाडून टाकावा, अथवा शुद्धीसाठीं दुसरा लेख करून द्यावा, असें याज्ञवल्क्य सांगतो. हा दुसरा लेख म्हणजेच आपल्या दप्तरांतील फारखत. व्याज मुद्दलाच्या दुपटीपुढें जाऊं नये हा दामदुपटीचा नियमही जुना. धान्याच्या बाबतींत मनु पांचपटीपर्यंत जातो, याज्ञवल्क्य तिपटीवर थांबतो. पण याच नियमाला जी वाट फुटते तीही टीकाकारानें लपविलेली नाहीं. विज्ञानेश्वर मिताक्षरेंत स्पष्ट म्हणतो कीं व्यवहार नव्यानें केला, मग तो दुसऱ्या पुरुषाशीं असो वा त्याच पुरुषाशीं असो, तर वृद्धि दुपटीस ओलांडून पूर्ववत् चालूं लागते. कल्याणीच्या पंडितानें लिहिलेलें हें वाक्य सुप्याच्या सावकारानें वाचलें असण्याचा संभव नाहीं. परंतु त्याची सारी विद्या याच एका वाटेवर उभी होती.

येथें एक सूचना करून ठेवतों. संभूयसमुत्थानाच्या प्रकरणांत याज्ञवल्क्यानें एकत्र येऊन व्यापार करणाऱ्यांचे लाभ-हानीचे नियम सांगून तेच ऋत्विजांस, कर्षकांस व कारागिरांस लागू केले आहेत. त्यावरून सहकार आमच्याकडे पूर्वींच होता असें सांगणारे सत्पुरुष सभासंमेलनांतून भेटतात. ती भागीदारी होय, पतपेढी नव्हे. शेजाऱ्याच्या कर्जास स्वतःच्या सर्वस्वानें बांधून घेणारी मंडळी त्या प्रकरणांत कोठेंही नाहीं, आणि संस्कृत येतें म्हणून ती तेथें बसवावयाची हें मला मान्य नाहीं.

आतां दख्खनकडे वळूं. पेशवाईंतही सावकार होता व कूळही होतें. पण सावकाराच्या मागें दिवाणी कोर्ट नव्हतें. इंग्रजी अमलांत तें आलें, आणि खतास जें बळ पूर्वीं गांवच्या पंचांच्या डोळ्यांदेखत मिळे तें आतां स्टँप व सही यांनीं मिळूं लागलें. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या खतावरील दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतु कुळाच्या संरक्षणाचा होता. परिणाम उलट झाला. मुदत संपत आली कीं सावकार कुळास बोलावून नवें खत लिहून घेई आणि व्याज मुद्दलांत जाई. म्हणजे जें करणपरिवर्तन मनूनें अडचणींतील सोय म्हणून सांगितलें, तें कायद्यानें दर तीन वर्षांचा नेम करून सोडलें. त्यांतच अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ पर्यंत कापसाचे भाव चढले, सावकारांनीं हात सैल सोडला. युद्ध थांबलें, भाव कोसळले, आणि त्याच सुमारास इंदापूर-भीमथडीकडे साऱ्याची फेरआकारणी होऊन सारा वाढला. कुळें हजर न राहिल्यानें एकतर्फी हुकूमनामे होऊं लागले.

ता. १२ मे १८७५ रोजीं, शके १७९७ त, त्या वेळच्या भीमथडी तालुक्यांतील व हल्लींच्या बारामती तालुक्यांतील सुपें या बाजारगांवीं दंगा झाला. तत्पूर्वीं शिरूर तालुक्यांत करडे येथें सावकारांवर बहिष्कार पडला होता. सुप्याहून दंग्याचें लोण पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पोहोंचलें. ९५१ माणसें पकडलीं गेलीं व ५०१ जणांस शिक्षा झाल्या. या दंग्याचें वैशिष्ट्य चौकशी कमिशननेंच नमूद करून ठेवलें आहे. लोकांस सावकाराचा जीव नको होता, बहुतेक ठिकाणीं त्याचा माल देखील नको होता. त्यांस कागद हवे होते. सावकारानें खतें व हुकूमनामे मुकाट्यानें दिले तेथें त्याच्या अंगास कोणी फारसा हात लावला नाहीं. कागद घेऊन त्यांची होळी करण्यांत आली. ज्यांच्या अंगठ्यांनीं वा नांगराच्या निशाण्यांनीं ते कागद खरे ठरत, त्यांपैकीं फारच थोड्यांना ते वाचतां येत होते. फेड झाली कीं लेख फाडावा हा शास्त्राचा नियम. येथें फेड झाली कीं नाहीं हेंच कोणास उमगेना, म्हणून लेख जाळला. संग्राहक या नात्यानें त्या होळीची हळहळ वाटते हें मी नाकारीत नाहीं. पण त्या काळीं त्या गांवांत मी असतों तर हळहळलों असतों कीं काय, हें खात्रीनें सांगवत नाहीं.

१८७९ च्या दख्खन शेतकरी संरक्षणाच्या कायद्यानें या रोगाचें निदान बरोबर केलें. पुणें, सातारा, सोलापूर व नगर हे चार जिल्हे त्यांत आले. न्यायाधीशानें केवळ शेवटचें खत न पाहतां व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागें जावें. शेतकऱ्याचें खत गांवच्या रजिस्ट्रारसमक्ष लिहिलें जावें. शेतकऱ्यास पावती, वर्षाचा हिशेब आणि मागेल तर पासबुक मिळावें, अशीं त्यांत कलमें होतीं. यांतील पासबुक हें याज्ञवल्क्याच्या पाठीवरील नोंदीचेंच अर्वाचीन रूप. कागदाची दुसरी प्रत कुळाच्या हातीं द्यावयाची, एवढाच दोहोंचा आशय. परंतु ज्याला वाचतां येत नाहीं त्याला प्रत देऊन काय व्हावयाचें! सावकारांनीं गहाणाऐवजीं खरेदीखतें लिहून घेण्यास आरंभ केला, परत देण्याचा करार तोंडी ठेवला, आणि कोर्टास मागें जावयास वाटच राहिली नाहीं.

यानंतरचा एक प्रयत्न विसरला जातो, तो येथें नमूद केला पाहिजे. सर विल्यम वेडरबर्न यांनीं न्यायमूर्ति रानडे यांच्या साहाय्यानें पुरंदर तालुक्यासाठीं शेतकी पेढीची योजना तयार केली. जुन्या कर्जाचा तडजोडीनें निकाल लावावा, मग पेढीनें माफक व्याजानें कर्ज द्यावें आणि वसुलीस सरकारी यंत्रणेचें साहाय्य असावें, असा तिचा रोख होता. हिंदुस्थान सरकारनें १८८४ सालीं ती उचलून धरली. विलायतेंत भारतमंत्र्यांची मंजुरी मिळाली नाहीं. १८८३ व १८८४ च्या कायद्यांनीं तगाई तेवढी मिळूं लागली. रानडे यांनीं १८९१ सालीं स्थावराच्या तारणावरील पतीच्या पुनर्रचनेविषयीं निबंध लिहून हा प्रश्न जागता ठेवला. पुरंदरची पेढी निघाली असती तर ती सहकारी झाली नसती, भांडवलवाल्यांचीच झाली असती. पण तिच्या निमित्तानें या चार जिल्ह्यांत वीस वर्षें आधीं गांवचीं खातीं उलगडलीं गेलीं असतीं.

सहकारी पद्धति आली ती जर्मनींतून. फ्रीड्रिख रायफायझन (१८१८-१८८८) हा ऱ्हाइन प्रांतांतील एक नगराध्यक्ष. त्यानें १८६४ सालीं हेडेसडॉर्फ येथें शेतकऱ्यांची कर्जसंस्था काढली. क्षेत्र लहान, पंच बिनपगारी, आणि जबाबदारी अमर्याद. संस्था बुडाली तर प्रत्येक सभासद आपल्या साऱ्या मिळकतीनिशीं जबाबदार. मद्रासचे फ्रेडरिक निकल्सन यांनीं १८९५ व १८९७ सालीं दोन भागांत प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालांत, हिंदुस्थानास असाच पुरुष शोधला पाहिजे असा निष्कर्ष काढला. १९०४ चा कायदा त्यावरून झाला. गांवच्या संस्थेंत निदान चारपंचमांश सभासद शेतकरी असावेत, जबाबदारी अमर्याद असावी आणि हिशेब रजिस्ट्रारनें दरसाल तपासावेत, असें त्यांत ठरलें. मुंबई इलाख्यांतील पहिली नोंद १९०५ च्या जुलैंत धारवाड जिल्ह्यांतील गदग तालुक्यांत कणगिनहाळ येथें झाली. तिचे प्रवर्तक सिद्धनगौडा पाटील. १९११ सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी व लल्लूभाई सामळदास यांच्या खटपटीनें मुंबईस मध्यवर्ती सहकारी बँक निघाली व गांवाकडे शहरचें भांडवल जाण्याची वाट झाली. १९१२ च्या कायद्यानें कर्जाखेरीज अन्य कार्यांच्या व वरच्या पायरीच्या संस्थांस मान्यता दिली. शिवाय, संस्थेच्या वहींतील नोंदीचा प्रमाणित उतारा पुराव्यांत घ्यावा, असें एक कलम त्यांत घातलें. कायद्याच्या ग्रंथांत हें कलम दोन ओळींचें आहे. पण खत एका माणसाच्या पेटींत असण्याचा जो काळ होता तो या दोन ओळींनीं संपला.

अमर्याद जबाबदारीचा अर्थ गांवांत काय झाला, हें कायद्यावरून कळत नाहीं. तें दप्तरावरून कळतें. मी नीरा कालव्याच्या प्रदेशांत शिक्षकीस असतां एका गांवच्या सोसायटीचें जुनें दप्तर पाहण्याचा योग आला. पूर्वीं सोसायटीचा चिटणीस हा बहुधा शाळामास्तर किंवा तलाठी असे. तेव्हां मास्तरास दप्तर दाखविण्यांत कोणास कांहीं विशेष वाटलें नाहीं. १९२० नंतरच्या वह्या मोडींत होत्या. रोजकीर्द, खतावणी, सभेचें वृत्त, आणि हैसियत रजिस्टर. यांतील शेवटचें अत्यंत मोलाचें. सभासदाचें नांव, सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार, विहीर, बैल, बाहेरचें देणें, आणि शेवटीं त्याची पत. शेजाऱ्याचें कर्ज आपल्या शेतावर येऊं शकतें म्हटल्यावर शेजाऱ्याची हैसियत माहीत असणें भागच. म्हणून ही यादी सभेंत वाचली जाई व कर्जाची मर्यादा तेथें ठरे. ज्या माणसाचें देणें आजवर फक्त सावकारास ठाऊक होतें तें आतां चावडीवर मोठ्यानें वाचलें जाऊं लागलें. यांत लाज होती, यांत आधारही होता. एका सभासदाच्या नांवापुढें बैल मेल्याची नोंद आहे, आणि तरीही पंचांनीं त्याची मर्यादा कमी केलेली नाहीं. सावकाराच्या वहींत अशी नोंद मला आढळलेली नाहीं.

मात्र या रजिस्टराची स्तुति करून थांबणें अन्यायाचें होईल. त्याचा पहिला रकाना सर्व्हे नंबराचा. ज्याला नंबर नाहीं त्याला ओळ नाहीं. भूमिहीन मजूर, बलुत्यावर जगणारे, वेशीबाहेरचे लोक यांस जामीन राहण्यास कोणी पुढें येत नसे, कारण जामिनाचें सर्वस्व पणास लागे. शेतकऱ्यास सावकारापासून सोडविणारी जी कडी तीच इतरांस बाहेर ठेवणारी कडी ठरली. ते लोक सावकाराकडेच जात राहिले.

१९१९ च्या सुधारणांनीं सहकार हा प्रांताचा विषय झाला, १९२५ सालीं मुंबईचा स्वतंत्र कायदा आला. १९२९ नंतरच्या मंदींत शेतमालाचे भाव पडले, थकबाकी साचली, आणि अमर्याद जबाबदारीचें दुसरें तोंड दिसलें: सधन सभासद बाहेर पडूं पाहूं लागला. १९५१-५२ सालीं देशभर ग्रामीण पतीची पाहणी झाली. अ. द. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९५४ सालीं दिलेल्या अहवालांत असें दिसलें कीं शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकीं सहकारी संस्थांकडून मिळणारा भाग अवघा शेंकडा तीनच्या आसपास, आणि सावकारांकडून मिळणारा शेंकडा सत्तरच्या घरांत. पन्नास वर्षांच्या खटपटीचें हें फळ. समितीनें उपाय सुचविला तो सरकारच्या भागीदारीचा व मोठ्या संस्थांचा. उपाय लागू पडला, कर्जाचा ओघ वाढला. पण जबाबदारी मर्यादित झाली, पैसा वरून येऊं लागला, आणि शेजाऱ्याची हैसियत वाचण्याचें कारण उरलें नाहीं. हैसियत रजिस्टर पुढेंही लिहिलें जाई. ऐकणारे उठून गेले होते.

याच सुमारास नगर जिल्ह्यांत लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांनीं धनंजयराव गाडगीळ व वैकुंठलाल मेहता यांच्या साहाय्यानें शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला. १९५० सालीं तो सुरू झाला. त्याचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथें सांगावयाचें तें इतकेंच कीं १९६० नंतर महाराष्ट्रांत कारखाना व जिल्हा मध्यवर्ती बँक हीं सत्तेचीं दोन पीठें झालीं, आणि विधिमंडळाची वाट पुष्कळांस तेथूनच सांपडली. जिल्हा बँकेच्या निवडणुकींत मत असतें गांवच्या सोसायटीच्या प्रतिनिधीचें; आणि थकबाकीदार असेल त्यास सोसायटीच्या कमिटीवर बसतां येत नाहीं. अर्थात् कोण थकबाकीदार व कोण नव्हे हा हिशेबाचा प्रश्न राजकारणाचा झाला.

आणि येथें आपला जुना परिचित पुन्हां भेटतो. वर्षअखेर आली कीं सोसायटीचा सभासद कोठून तरी चार दिवसांपुरती रक्कम उभी करतो, जुनें कर्ज भरतो, आणि लागलीच नवें कर्ज उचलून ती रक्कम परत करतो. मुदतींत फेड केल्याची व्याजसवलत त्यास मिळते, संस्थेची वसुली पूर्ण दिसते, कमिटीवरील नांवें शाबूत राहतात. गांवोगांव यास 'नवें-जुनें करणें' म्हणतात. ती चार दिवसांची रक्कम पुष्कळदां सावकारच देतो. मनूचें करणपरिवर्तन, १८५९ नंतरचें दर तीन वर्षांचें खत, आणि हें नवें-जुनें, यांत फेडीचें रूप तेवढें बदललें. कर्ज जागच्या जागीं राहून कागद नवा होण्याची रीत तीच. सोसायटीचा दर सावकाराच्या दराहून पुष्कळ हलका, हा भेद लहान नव्हे. तो पुसून टाकण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु हा भेद वहींतील आंकड्यांवरून दिसतो, आणि नवें-जुनें मात्र वहींत दिसत नाहीं. भरणा व उचल यांच्या तारखा शेजारीं शेजारीं लावल्या तरच तें हातीं येतें.

म्हणून हा लेख या पानांवर लिहिण्याचें प्रयोजन. २०२२ सालीं केंद्र सरकारनें देशांतील सुमारें ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांचे हिशेब संगणकावर आणण्याच्या कामास मंजुरी दिली. तें योग्यच आहे. पण संगणकावर बाकी चढते. पन्नास वर्षांपूर्वींची रोजकीर्द चढत नाहीं, आणि मोडींतील हैसियत रजिस्टर तर मुळींच नाहीं. वर ज्या दप्तराचा उल्लेख केला तें पाहण्यास निवृत्तीनंतर मी पुन्हां गेलों. कपाट नवें होतें. जुन्या वह्या वजनावर गेल्या होत्या. दोनच हातीं लागल्या, त्याही एका सद्गृहस्थांनीं गोठ्यांतील फळीवर ठेवल्या होत्या म्हणून. कोणास दोष देण्यांत अर्थ नाहीं. ज्या वहीचें मोल आम्हां संशोधकांस वाटलें नाहीं, तें कारकुनास कां वाटावें?

संग्राहकांस दोन विनंत्या आहेत. सोसायटीचीं जुनीं दप्तरें मिळालीं तर केवळ सभावृत्तें निवडून घेऊं नयेत. रोजकीर्द व हैसियत एकत्र ठेवावीं, कारण एकीवांचून दुसरी मुकी आहे. दुसरी विनंती कर्जखतांची. खताची नक्कल करतांना आपण तोंडाकडील मजकूर उतरतों व पाठ सोडून देतों. वसूल पाठीवर असतो. पाठ कोरी असेल तर तीही तशी नोंदवावी.

माझ्या संग्रहांत एक खत वरपासून मध्यापर्यंत सरळ फाटलेलें होतें. जीर्ण झालें असें समजून मीं तें काळजीपूर्वक सांधून, पाठीमागें पातळ कागद लावून घेतला. याज्ञवल्क्याचा तो श्लोक मी तेव्हां वर्गांत शिकवीत होतों. पुढें कित्येक वर्षांनीं लक्षांत आलें कीं तें फाटलेलें नव्हतें, फाडलेलें होतें. फेडलेलें तेवढें एकच कर्ज मीं हातानें पुन्हां उभें केलें होतें, आणि पाठीवर कांहीं लिहिलें होतें कीं काय, हें आतां त्या चिकटविलेल्या कागदाखालीं राहिलें आहे.